तंजावरला जाताना एकच प्रश्न सोबत न्या

पत्र : "गेल्या वर्षी आम्ही सहा दिवसांत दक्षिणेतली चौदा देवळं पाहिली. फोनमध्ये अकराशे फोटो आहेत, पण कुठलं गोपूर कुठल्या गावचं, ते आज घरात एकालाही सांगता येत नाही. यंदा फक्त तंजावर आणि आसपास जायचं ठरवलंय. हातात पाच दिवस आहेत. मुलगी सोळा वर्षांची, सहा वर्षं भरतनाट्यम शिकतेय. सासरे बहात्तर वर्षांचे. इतिहासाचं वाचन दांडगं, पण गुडघे साथ देत नाहीत. मी थोडं गाणं शिकले आहे, कर्नाटक संगीत मात्र डोक्यावरून जातं. कला, संगीत, इतिहास तिन्ही जमेल असा बेत कसा करायचा? मराठ्यांच्या राज्याचं तिथे खरंच काही उरलंय का? आणि तंजावरचं चित्र घ्यायचं झालं तर फसवणूक कशी टाळायची?" (एक वाचक, मिरज)

ताई,

चौदा देवळं जास्त झाली हे खरंच, पण नुसती संख्या कमी करून भागणार नाही. त्या चौदांना एकमेकांशी जोडणारं काही तुमच्या हाती नव्हतं, म्हणून ती डोक्यात राहिली नाहीत. यंदा जाताना घरच्या सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न सोबत न्यावा आणि प्रत्येक जागेला तोच विचारावा. तुमच्या घरात नाच आहे, गाणं आहे, इतिहास आहे. तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न असा : इथे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचं पोट कोण भरत होतं? हा प्रश्न धरला की कलेचा दिवस वेगळा, संगीताचा वेगळा, इतिहासाचा वेगळा अशी वाटणी करावीच लागत नाही.

पहिलं उत्तर गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. कावेरीच्या फाट्यांवर पसरलेली भाताची खाचरं. या मुलखात देऊळ, दरबार, नर्तकी, वादक, मूर्तिकार या सगळ्यांचा हिशेब शेवटी भातातच होत असे.

दुसरं उत्तर मोठ्या देवळाच्या दगडावर कोरलेलं आहे. बृहदीश्वराचं हे देऊळ पहिल्या राजराज चोळाने बांधलं. त्याच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१० मध्ये, शिखरावरच्या कळसासाठी त्याने तांब्याचा कुंभ दिला, तो दिवससुद्धा शिलालेखात नोंदलेला आहे. विमानाच्या, म्हणजे गर्भगृहावरच्या उंच शिखराच्या, जोत्यावर चहूबाजूंनी तमिळ अक्षरांच्या ओळी फिरतात. त्यात राजाची आज्ञा आहे : आम्ही जे दिलं, आमच्या अक्काने दिलं, आमच्या राण्यांनी दिलं आणि इतर दात्यांनी दिलं, ते दगडावर कोरा. मूळ लेखातही शब्द 'अक्कन्' असाच आहे. ही अक्का म्हणजे राजराजाची थोरली बहीण कुंदवै. तमिळ येत नसलं तरी या ओळींपाशी थांबा, कारण देवळाची जमाखर्चाची वही इथेच उघडी पडली आहे.

याच लेखांमध्ये चोळ राज्यातल्या निरनिराळ्या देवळांतून तंजावरला आणलेल्या ४०० नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, देवळाभोवतीच्या कुठल्या ओळीत तिचं कितवं घर, आणि वर्षाला १०० कलम भात. कलम हे धान्याचं जुनं माप. यादीत पुढे नृत्यगुरू, गायक, ढोलवादक, शिंपी, सोनार, हिशेबनीस असे कितीतरी येतात. ही यादी मुलीला जायच्या आधी सांगा. सहा वर्षं ती जो नाच शिकतेय त्याचे पूर्वज इथे घरक्रमांकासह राहत होते, एवढं कळलं की देवळाकडे पाहण्याची तिची नजर बदलेल.

विमानाच्या वरच्या मजल्यावर आतल्या बाजूला शिवाची नृत्यकरणं, म्हणजे नाट्यशास्त्रातल्या नाचाच्या ठरावीक हालचाली, कोरलेली आहेत. १०८ पैकी ८१ पूर्ण झाली, पुढचे २७ दगड कोरेच राहिले. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत; मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळात त्यांच्यावर नवी चित्रं काढली गेली होती आणि खालचा थर १९३१ मध्ये उजेडात आला. या दोन्ही जागा सर्वसामान्यांसाठी बंद असतात. दारातल्या माणसाशी हुज्जत घालण्यात किंवा 'ओळख' शोधण्यात सकाळ घालवू नका. देवळाच्या आवारातच पुरातत्त्व खात्याचं माहिती दालन आहे, तिथे या चित्रांची छायाचित्रं पाहायला मिळतात. करणांची भूक भागवायची असेल तर कुंभकोणमच्या सारंगपाणी देवळाच्या पूर्व गोपुरावर ती आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवर तर १०८ करणं नाट्यशास्त्रातल्या श्लोकांसह कोरलेली आहेत, पण पाच दिवसांत चिदंबरम घालू नका. ते पुढच्या खेपेला.

आता सासऱ्यांचा प्रश्न. मराठ्यांचं काय उरलंय? भरपूर उरलंय, फक्त ते किल्ल्याच्या रूपात शोधू नका. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे चाललं. मोठ्या देवळाच्या आवारात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास कोरवून घेतला, मराठीत आणि देवनागरीत. 'भोसलवंशचरित्र' या नावाने तो ओळखला जातो. तमिळ देशातल्या चोळ देवळात, भाषांतराशिवाय, आपण स्वतः वाचू शकतो असा एवढा मोठा मजकूर भिंतीवर आहे, आणि बहुतेक मराठी प्रवासी नंदीपुढे फोटो काढून त्याच्याकडे न वळताच परत जातात. याचं फार वाईट वाटतं.

तो वाचायची रीत सांगतो. अक्षरं उथळ आहेत. दुपारच्या उन्हात ती दिसत नाहीत, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात उठून येतात. छोटी विजेरी भिंतीसमोर न धरता भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा. कोरलेल्या रेषांत सावली पडते आणि शब्द लागतात. खडू, पीठ, पाणी काहीही लावायचं नाही, बोटही फिरवायचं नाही. भाषा बखरीच्या वळणाची आहे, त्यामुळे सासऱ्यांना दोन-चार ओळींत लय सापडेल. सगळा लेख वाचायचा हट्ट नको, त्यात दिवस जाईल. ओळखीची नावं शोधायची आणि त्यांच्या आसपासचं वाचायचं. एक घडीचं हलकं स्टूल न्या. उभं राहून भिंत वाचणं गुडघ्यांना झेपणारं नाही.

आपल्या मूळ प्रश्नाला मराठ्यांचं उत्तर मात्र राजवाड्यात मिळतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत आणि मराठीत नाटकं लिहिली, तीही सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली केलेल्या प्रयोगाच्या जवळपास दीड शतक आधी. पहिल्या तुळजाजीराजांच्या नावावर 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्राचा संस्कृत ग्रंथ आहे. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला महसुलातला ठरलेला वाटा आणि मोकळा वेळ. तो वाटा ग्रंथांवर, वैद्यकावर, छापखान्यावर, गाण्यावर आणि नाचावर खर्च झाला. सरफोजी आणि त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ दरबारात होते. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम या चौघांनी बसवला असं मानलं जातं. तुमची मुलगी अरंगेट्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, ज्या क्रमाने नाचेल, त्या क्रमाला पोसणारी गादी मराठी होती. धाकट्या वडिवेलूंनी पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी जाऊन तिथे नाव कमावलं.

१८५५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने उरलंसुरलं राज्यही खालसा केलं. दरबार उठल्यावर कलावंत हळूहळू मद्रासला, तिकडच्या संगीतसभांच्या आश्रयाला गेले. कर्नाटक संगीताचं मोठं केंद्र आज चेन्नई का, याचं एक मोठं कारण तंजावरच्या या मोडलेल्या दरबारात आहे.

एक गोष्ट मुलीपासून लपवू नका. ४०० नर्तकींपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हा नाच ज्या स्त्रियांनी जिवंत ठेवला, त्यांना पुढे समाजाने कलंकित ठरवलं. मुलींना देवाला वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने बंद झाली. त्या व्यवस्थेतलं शोषण खरं होतं आणि त्या स्त्रियांची विद्याही खरी होती. वाटाडे सहसा या विषयावरून पुढे सरकतात, म्हणून हे घरूनच बोलून जा.

आता प्रत्यक्ष बेत. तुमच्याकडून आधी बंगळूर गाठा. म्हैसूरहून बंगळूरमार्गे रात्री निघणारी एक गाडी तंजावर आणि कुंभकोणम दोन्हीकडे थांबते, ती पहाटे तंजावरला पोचवते आणि परतीलाही सोयीची पडते. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली जवळ, तिथून तंजावर साठेक किलोमीटर. पहिल्या दोन रात्री तंजावरला, पुढच्या दोन कुंभकोणमला मुक्काम करा. दोन्ही गावांत अंतर ४० किलोमीटरच आहे, पण रोज जा-ये केली तर सकाळ-संध्याकाळचा चांगला उजेड रस्त्यातच संपतो.

सगळा बेत एका गोष्टीभोवती फिरतो : इथली देवळं साधारण साडेबारा ते चार बंद असतात. मागच्या खेपेला तुमची धावपळ बहुधा याचमुळे झाली असेल. देवळं पहाटे आणि चारनंतर, दुपारी संग्रहालय, कारागिरांच्या कार्यशाळा आणि झोप. हा क्रम मोडायचा नाही.

पहिल्या दिवशी आराम करा आणि संध्याकाळी साडेचारला मोठ्या देवळात जा, पण काही 'पाहू' नका. वाटाड्या नको, कॅमेरा नको. केरळांतक आणि राजराज या नावांची दोन गोपुरं ओलांडून आत आलात की आवाराला एक पूर्ण फेरी मारा आणि मग मागच्या बाजूच्या ओवरीत बसा. उतरत्या उन्हात ग्रॅनाइटचा रंग बदलत जातो, तो बघत राहा. देवळात नागस्वरम (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोल) वाजू लागले तर आवाजाच्या दिशेने जा. एवढ्या मोठ्या आवाराला पुरेल असंच ते वाद्य आहे. बंद सभागृहात ते कर्कश वाटतं, इथे नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा तिथेच. आज जोत्यावरचे लेख, मराठी लेख, माहिती दालन आणि देवळांच्या बांधणीतला काळाचा फरक. हा फरक ओळखायला सोपा आहे. विमान चोळांचं, अम्मनचं (देवीचं) देऊळ पांड्य काळातलं, सुब्रह्मण्याचं छोटं, दागिन्यासारखं कोरलेलं देऊळ नायकांचं, मोठा नंदी आणि त्याचा मंडपही नायकांचा. म्हणजे एका आवारात उभं राहून आठशे वर्षांचे आश्रयदाते मोजता येतात. साडेनऊपर्यंत आवरा. त्यानंतर फरशी तापू लागते आणि अनवाणी चालणं अवघड होतं. सासऱ्यांना जाड सुती मोजे द्या.

वाटाड्या घ्यायचा तर याच सकाळी घ्या आणि ठरवण्याआधी एकच विचारा : मराठी लेख कुठे आहे आणि नर्तकींच्या यादीबद्दल काय सांगाल? उत्तर आलं तर माणूस कामाचा. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, माथ्यावर ८० टनांचा एकच दगड आहे, अशी सुरुवात झाली तर दुसरा शोधा. सावली रोज पडते, सकाळी स्वतः बघा. माथ्यावरचं शिखरही एकाच दगडाचं नाही, अनेक दगड जोडून केलेलं आहे. साठ मीटरच्या वर गेलेलं ग्रॅनाइटचं बांधकाम, आणि हा दगड तंजावरच्या आसपास मिळत नसल्यामुळे लांबून आणलेला. आश्चर्यासाठी एवढं पुरेसं आहे.

साडेदहाला राजवाडा. आत तिकिटं वेगवेगळ्या भागांची असतात, आधी चौकशी करून घ्या, आणि साप्ताहिक सुट्टीही आदल्या दिवशी फोनवर विचारा. कलादालनात शेकडो मूर्ती आहेत. सगळ्या पाहायला गेलात तर तासाभरात डोळे मरतात. तीनच निवडा : तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव, भिक्षाटन शिव आणि शिवपार्वतीच्या विवाहाचा समूह. वृषवाहन १०११ च्या सुमाराचा आहे. शिवाचा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला, पण नंदी आता नाही. हात हवेत आहे आणि तरीही शरीराचा सगळा भार त्या नसलेल्या बैलावर रेललेला दिसतो. मुलीला त्याच्यासमोर तसंच उभं राहायला सांगा. वजन कुठल्या पायावर, कंबर किती सुटलेली, मान कुठे, हे तिला तिच्या शरीरातून कळेल आणि ती ते तुम्हाला समजावेल. मग मूर्तींच्या पीठाकडे बघा. तिथल्या कड्या आणि भोकं मिरवणुकीत दांडे बांधण्यासाठी. या मूर्ती वस्त्रं, दागिने, फुलं घालून रस्त्यावर नाचत जायच्या, काचेच्या कपाटात बसण्यासाठी त्या घडवलेल्याच नव्हत्या.

सरस्वती महाल ग्रंथालय याच आवारात. हस्तलिखितं चाळायला मिळत नाहीत, ती अभ्यासकांसाठी पूर्वपरवानगीने. सर्वांसाठी छोटं संग्रहालय आहे. तिथे सुमारे ३,००० मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रांचे हजाराहून जास्त रुमाल (गठ्ठे) जपून ठेवलेले आहेत, हे मनात ठेवून बघा. ग्रंथालय स्वतःची प्रकाशनं विकतं, त्यात मराठी पुस्तकंही असतात. सासऱ्यांना तिथे अर्धा तास एकटं सोडा. भिंतीवरच्या लेखाचा छापील पाठ मिळतो का, ते तिथेच विचारावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिरुवैयारू, तंजावरपासून १३ किलोमीटर, कावेरीकाठी. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे तीन थोर रचनाकार. तिघेही जन्मले तिरुवारूरला, तिघेही याच मराठी राज्यातले आणि साधारण सरफोजींच्या काळातले. त्यागराज तिरुवैयारूत राहिले आणि १८४७ मध्ये तिथेच गेले. आपल्या प्रश्नाचं चौथं, उलटं उत्तर इथे मिळतं. सरफोजींनी दरबारात बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला आणि 'धनात सुख की रामाच्या सेवेत?' असं विचारणारी कल्याणी रागातली रचना गायली, अशी परंपरा सांगते. ते उंछवृत्तीने, म्हणजे गात गात दारोदारी मिळेल त्या तांदळावर जगले. समाधीचं आजचं मंदिर उभारलं बंगळूर नागरत्नम्मा यांनी, १९२० च्या दशकात, आपली कमाई खर्चून. त्या देवदासी परंपरेतल्या गायिका होत्या. आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात, बायकांना गायला मज्जाव होता. त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू करून तो मोडून काढला. त्यांची समाधीही त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. तिथे जाऊन थोडा वेळ बसा.

परत येताना वीणेची कार्यशाळा गाठा. हॉटेलात किंवा राजवाड्याजवळ चौकशी केली की रस्ता मिळतो. आधी परवानगी विचारा आणि कामाच्या वेळेत जा. तुम्ही मिरजेच्या, भोपळ्यातून तंबोरा कसा उभा राहतो ते तुम्ही पाहिलं असेल. इथे मुख्य शरीर फणसाच्या लाकडाचं, भोपळा फक्त मानेखाली आधाराला. अख्खी वीणा एका ओंडक्यातून कोरली तर तिला 'एकांड' म्हणतात, जोडून केली तर 'ओट्टू'. जोडकामावर नादाची गळती होते म्हणून एकांड वीणेचा मान मोठा. चोवीस पडदे मेणात बसवतात. त्या मेणात कोळशाची पूड असते. मेण उन्हाने मऊ होतं, म्हणून वीणा गाडीत उन्हात ठेवली की पडदे सरकतात आणि सूर बिघडतो. चार तारा वाजवायच्या, तीन तालाच्या. तुम्ही गाणं शिकला आहात, तेव्हा पडदे बसवणारा कारागीर सूर कसा पारखतो ते ऐकायची संधी सोडू नका.

दुपारी कुंभकोणमला जा आणि चारनंतर दारासुरम, तिथून जेमतेम चार किलोमीटर. ऐरावतेश्वर दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधला. मोठ्या देवळाने तुम्हाला लांब उभं केलं, हे देऊळ नाक लावून पाहायचं आहे. चाकं आणि घोडे जोडलेला रथासारखा मंडप सगळे पाहतात. तुम्ही देवळाच्या जोत्यावर वाका : ६३ नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, कथा वीतभर पट्ट्यांत कोरल्या आहेत. एरवी नर्तकी आणि वादक इथे जागोजागी सापडतात; मुलीला वही-पेन्सिल द्या आणि पाच मुद्रा काढून आणायला सांगा. चित्र वाईट येईल, चालेल. काढताना बोटं मोजावी लागतात, फोटोत ती मोजली जात नाहीत. बलिपीठाच्या पायऱ्यांतून सूर निघतात हे ऐकलं असेल. त्या आता जाळीआड आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघून गंगैकोंडचोळपुरम, कुंभकोणमहून ३५ किलोमीटरच्या आसपास. पहिल्या राजराजाच्या मुलाने, राजेंद्र चोळाने, बापाच्या देवळानंतर पाव शतकाने हे बांधलं. बापाचं शिखर सरळ रेषेत चढतं, मुलाचं आत वळत नाजूक होतं. दोन्ही मनात शेजारी ठेवून पाहण्यातच इथला आनंद आहे. उत्तरेच्या दाराजवळ शिव बसून आपल्या भक्ताच्या, चंडेशाच्या, डोक्याला माळ गुंडाळतो आहे, ते शिल्प चुकवू नका. दुपारी परत येताना स्वामीमलै. इथे मेणाच्या साच्याने मूर्ती ओततात. मधमाश्यांचं मेण आणि राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा पहिला थर, मग जाडसर थर, तारांनी बांधून तापवायचं, मेण वाहून जातं, त्या पोकळीत धातू. पहिल्या थरात हवेचा बुडबुडा राहिला किंवा साचा नीट तापला नाही तर मूर्तीवर फोड नाहीतर भोक येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. साचा फोडूनच मूर्ती निघते, म्हणून एका साच्यातून एकच. शेवटचं छिन्नीकाम ओतण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातं. संध्याकाळी सारंगपाणीच्या गोपुरावरची करणं. पाचवा दिवस मोकळा सोडा. चार दिवसांत जी जागा सगळ्यात जास्त आवडली तिथेच पुन्हा जायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. नवीन काही घालायचं नाही.

तुमच्या कानाची तयारी मात्र घरी, महिनाभर आधी. कर्नाटक संगीत डोक्यावरून जातं कारण आपण त्यात आलाप-ख्यालाची चाल शोधतो. तिथे रचना मध्यभागी असते : पल्लवी, अनुपल्लवी, चरण. ओळखीच्या स्वरांतून शिरा. कल्याणी म्हणजे आपला यमन, मोहनम म्हणजे भूप, हिंदोलम म्हणजे मालकंस, तिल्लाना म्हणजे तराण्याचा भाऊ. नावाने फसू नका : त्यांचा श्रीराग आपल्या पूर्वी थाटातल्या श्रीपेक्षा वेगळा, काफीच्या स्वरांचा आहे. मग त्यागराजांच्या पंचरत्न नावाच्या पाच रचनांपैकी पहिलं, नाट रागातलं 'जगदानंदकारका' ऐका. ते संस्कृतात आहे, शब्द समजतील. एकच रचना तीन वेगवेगळ्या गायकांची, हाताने आदितालाच्या आठ मात्रा धरत ऐका. हे ताल धरणं मुलगी तुम्हाला शिकवेल. महिन्यात तीन रचना पुरे. सासऱ्यांना तमिळ हरिकथा ऐकवा. तंजावरला पोचलेल्या मराठी कीर्तनावरून कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात ती घडवली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावंसुद्धा तशीच राहिली आहेत.

चित्राबद्दल. तंजावरचं चित्र म्हणजे फळीवर ताणून चिकटवलेलं कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा लेप, रेखाटन, खडे, उठावाचं काम, त्यावर सोन्याचा वर्ख आणि शेवटी रंग. फसवणूक होते ती वर्खात. नकली सोनेरी पत्रा झगझगीत आणि पिवळाजर्द दिसतो, काही वर्षांत काळवंडतो. खरा वर्ख मऊ झळाळीचा. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, म्हणून तयार चित्रांच्या दुकानाऐवजी जिथे अर्धवट चित्रं मांडलेली दिसतील अशा चित्रकाराकडे जा, वर्ख लावताना बघा आणि बिलावर 'बावीस कॅरेट सोन्याचा वर्ख' असं लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर उठा. चित्र उलटं करून फळी बघा. वाकलेली किंवा ओलसर वासाची असेल तर पुढे लेपाला तडे जातील. उठावाच्या कडांवर सुटलेला वर्ख, आणि डोळ्यांची रेषा एका हाताने ओढलेली आहे की चाचपडत, हेही पाहा. माझं मत विचाराल तर मोठ्या चित्रापेक्षा छोटं, पण चेहरा चांगला असलेलं घ्या. सोनं कमी असलं तरी चालेल. घरी ते बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका.

तारखा तेवढ्या आधी ठरवा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिकडे पावसाळा, मार्चनंतर ऊन सोसवत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम, पोंगलचे दिवस टाळा. मोठ्या देवळात प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो आणि गर्दी उसळते. सासरे सोबत असताना पहिली संध्याकाळ त्रयोदशीला येऊ देऊ नका. त्यागराजांची आराधना पुष्य बहुल पंचमीला, म्हणजे आपल्या पंचांगातल्या पौष वद्य पंचमीला. त्या सकाळी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पाचही पंचरत्नं गातात आणि श्रोत्यांनाही सोबत गाता येतं. ते साधायचं असेल तर तंजावरच्या खोल्या दोन-तीन महिने आधी घ्या, सकाळी सातच्या आत मांडवात बसा, आणि त्या दिवसाच्या बेतातून बाकी सगळं काढून टाका.